तिसऱ्या मजल्यावरची मांजर

इस्रायलमधल्या अश्दोद शहरात एका बालवाडीत मी २२ वर्षं मदतनीस होते. ठाण्याहून इथे आले तेव्हा मला हिब्रू यायची ती प्रार्थनेपुरती. भाजीवाल्याशी दोन वाक्यं बोलायची वेळ आली की जीभ अडायची. बोलती हिब्रू मला शिकवली ती मुलांच्या कवितांच्या पुस्तकांनी. एरवी हिब्रूत बहुतेक व्यंजनंच छापतात, स्वर वाचणाऱ्यानं आपले आपण लावून घ्यायचे. मुलांच्या पुस्तकांत आणि कवितेत मात्र अक्षरांच्या अंगाखांद्यावर टिंबं आणि रेघा असतात. त्यांना निक्कूद म्हणतात. त्या टिंबांचा हात धरून मी वाचायला शिकले आणि शब्द कळला नाही की चित्राकडे पाहायला लागले. कितीतरी हिब्रू शब्दांचे अर्थ मला आधी चित्रकारानं सांगितले, कवीनं मागाहून.

म्हणून मुलांच्या कवितेतली चित्रं ही पानाची सजावट असते, हे मला मुळातच मान्य नाही. चित्र हा त्या कवितेचा लावलेला अर्थ असतो. लहान मूल तो अर्थ कवितेइतकाच खरा मानतं, कारण त्याच्या लेखी कविता आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टीच नसतात. आणि जर हे खरं असेल, तर गाजलेल्या हिब्रू बालकवितांना पन्नास-पन्नास वर्षं एकाच चित्रकाराच्या चित्रांत बांधून ठेवणं योग्य नाही. नवी चित्रं काढली पाहिजेत. जुनी फेकून नव्हे, त्यांच्या शेजारी.

हिब्रू कवयित्री लेआ गोल्डबर्गची 'दिरा लेहास्कीर' घ्या. आपल्या भाषेत सांगायचं तर 'जागा भाड्याने देणे आहे'. इस्रायलमध्ये ही कविता ज्याच्या कानावर पडली नाही असं मूल सापडणं कठीण. द्राक्षमळे आणि शेतं यांच्यामधल्या एका सुंदर दरीत पाच मजली मनोरा उभा आहे. पहिल्या मजल्यावर जाडी कोंबडी, दुसऱ्यावर कोकिळा, तिसऱ्यावर मांजर, चौथ्यावर खार आणि पाचव्यावर श्रीयुत उंदीर. पण हे उंदीरराव आठवड्यापूर्वीच सामान बांधून निघून गेलेत. कुठे गेले, का गेले, कुणालाच ठाऊक नाही. शेजारी पाटी लावतात आणि जागा बघायला एकेक जण येतो. मुंगी, ससीण, डुक्कर, बुलबुल. जागा सगळ्यांना आवडते, पण शेजारी पसंत पडत नाहीत. मुंगीला कोंबडी आळशी वाटते. वीस पिल्लांची आई असलेल्या ससीणीला दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकणारी कोकिळा नकोशी होते. शेवटी कबुतरीण येते. तिला खोल्या लहान वाटतात, पण शेजारी आवडतात, आणि ती राहते.

हे पुस्तक मांडीवर घेऊन मूल जवळ बसलं की एक गंमत दिसते. ओळी पानावर वरून खाली येतात, म्हणजे पहिला मजला पानात सर्वांत वर आणि पाचवा सर्वांत खाली. चित्रातला मनोरा उलटा वर चढतो. मी वाचत खाली येत असते आणि त्याच वेळी मुलाचं बोट मजले मोजत वर जात असतं. कवितेत पाचव्या मजल्याची ओळ यायच्या आधीच बोट वरच्या खिडकीशी जाऊन थांबलेलं असतं, आणि प्रश्न आलेला असतो, "इथे कोण राहतं?" कवयित्रीनं जे रहस्य शेवटच्या ओळीसाठी राखलं, ते चित्रानं आधीच उघडं केलेलं असतं. मला यात चित्राची चूक दिसत नाही. मूल कवितेत दोन दारांनी शिरतं आणि त्यातलं एक दार चित्रकारानं बांधलेलं असतं, एवढंच मला यावरून सांगायचं आहे.

आता तिसरा मजला. हिब्रूत तिसरा मजला म्हणजे 'कोमा श्लिशीत', आणि तिथे राहते 'खतूला कुशीत'. श्लिशीत, कुशीत. यमक इतकं घट्ट की एकदा ऐकलं की सुटत नाही. 'कुशीत' हा शब्द बायबलमधल्या कूश देशावरून आला आहे, म्हणजे आफ्रिकेतली, काळी. १९४८ साली ही कविता 'मिश्मार लिलादीम' या मुलांच्या साप्ताहिकात पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा तो शब्द आजच्याइतका बोचरा नव्हता. आज तो शिवीसारखा वापरतात आणि त्याचा मारा मुख्यतः इथिओपियाहून आलेल्या ज्यूंच्या मुलांवर होतो. गोल्डबर्गची बाजू मात्र कवितेत अगदी स्पष्ट आहे. डुक्कर सांगतो की मी गोरा, गोऱ्यांच्या कुळातला, अशा काळ्या मांजरीच्या शेजारी राहणार नाही. त्यावर बाकीचे शेजारी त्यालाच बाहेरचा रस्ता दाखवतात. इतर कुणाला त्यांनी हाकललेलं नाही. आळस, आवाज, मुलांची हेळसांड या तक्रारी त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतल्या. रंगाची तक्रार ऐकून घेतली नाही. नुकतंच जन्मलेलं राष्ट्र, शंभर देशांतून येणारी माणसं, आणि त्याच वर्षी एक बाई मुलांच्या कवितेत हे लिहिते. मला तिच्याबद्दल फार आदर आहे.

बालवाडीत मात्र हा शब्द माझ्या तोंडून निघत नसे. समोर गालिच्यावर तीस मुलं, त्यांत दोघी-तिघी इथिओपियन घरांतल्या. एकदा मी 'कुशीत'च्या जागी 'श्खोरा' म्हणजे काळी असं हळूच घातलं. मुलांना सगळं तोंडपाठ. पाच-सहा जण एका सुरात ओरडले, "कुशीत!" त्या ओरडण्यात कसलाही दुष्टपणा नव्हता, त्यांना फक्त यमक हवं होतं. मी ज्या मुलीसाठी शब्द बदलला होता तीही ओरडणाऱ्यांत होती. दुसऱ्या दिवशी खेळाच्या अंगणात वाळूच्या खड्ड्याशी तोच शब्द एका मुलानं तिच्यावर फेकला, तेव्हा मात्र त्यात यमक नव्हतं.

या शब्दाचं काय करायचं यावर इथे पुष्कळ बोललं जातं. शब्द बदला, तळटीप द्या, कडवंच गाळा. माझं म्हणणं वेगळं आहे. शब्द यमकात चिणलेला आहे, तो काढला की मजलाच ढासळतो. चित्र मात्र यमकाला बांधलेलं नाही, ते बदलता येतं. आणि खरी अडचण चित्रातच आहे. मांजर काळी रंगवली की ती नुसती काळी मांजर होते, गल्लोगल्ली दिसते तशी. शब्द माणसाबद्दल बोलत असतो आणि चित्र तो अर्थ हळूच झाकून टाकतं. मुलांना वाटतं, डुकराला मांजर आवडत नाही, बस. कवितेतला सगळ्यात धारदार क्षण असा मऊ होऊन जातो. एखाद्या चित्रकारानं त्या पानावर डुकराला पाठमोरा दाखवावा आणि मांजरीचा चेहरा समोर आणावा. स्वतःच्याच घराच्या दारात उभं राहून ती हे ऐकते आहे. तिचे कान कसे झाले? तिनं शेपटी आवळून घेतली का? मागे कोंबडी आणि खार कुठे बघताहेत? एका पानाचं काम आहे. मग तो शब्द वाचून दाखवताना मदतनीस बाईची जीभ अडणार नाही, कारण तो शब्द कुणाला लागला ते मुलांना समोर दिसेल.

यावर लोक म्हणतात, पण त्या पुस्तकाला शमुएल कात्झची चित्रं आहेत, त्यांना कसा हात लावायचा? आमचं बालपण आहे त्यात. व्हिएन्नात जन्मलेल्या कात्झची चित्रं मलाही प्रिय आहेत, माझी मुलं त्यांच्यावरच वाढली. पण ती चित्रं १९७० ची. गोल्डबर्ग गेली त्याच वर्षाची. कविता त्याच्या बावीस वर्षं आधीची, आणि १९५९ साली ती पुस्तक होऊन आली तेव्हा चित्रं शोशना हेमननं काढली होती. म्हणजे आज ज्यांना मूळ म्हणून जपायचं आहे ती चित्रंच मुळात नवी चित्रं होती. तेव्हा कुणी तरी धाडस केलं म्हणून आपल्याला कात्झ मिळाला. शिवाय गोल्डबर्ग स्वतः चित्रांशी सलगी असलेली बाई होती. १९३६ पासून 'दवार लिलादीम' या साप्ताहिकात आर्ये नावोनची चित्रमालिका यायची आणि चौकटींखालच्या यमकाच्या ओळी तिच्या असायच्या. चित्र आणि ओळ यांतलं मोठं कोण, हा प्रश्न तिला पडला असेल असं मला वाटत नाही.

आम्हा बेने इस्राएल लोकांना, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंना, हा मांजरीचा मजला जरा जास्तच लागतो. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या माणसांच्या लग्नांसाठी इथल्या धर्मपीठानं वंशाच्या चौकशा लावल्या होत्या. त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये धर्मपीठाला त्या मागे घ्याव्या लागल्या. आमच्या घरात ती आठवण अजून ताजी आहे. पण मला खरं तेच लिहायचं आहे, म्हणून हेही लिहिते की कोकणात असताना आमच्यातच 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि गोरे काळ्यांशी सोयरीक करत नसत. डुक्कर आमच्याही मनोऱ्यात येऊन गेला होता आणि तेव्हा त्याला कुणी हाकललं नव्हतं.

माझी धाकटी चार वर्षांची असताना तिनं एका जुन्या कवितासंग्रहातली मुलं एकेक करून तपासली होती. दोन्ही हातांनी पान सपाट दाबून, नाक पानाला लावून. शेवटी म्हणाली, "आई, यात मी नाहीये." ती रडली वगैरे नाही. हरवलेला मोजा पलंगाखाली नाही असं सांगावं तसं सांगितलं. कविता तिला सगळ्या पाठ होत्या. शब्दांतून ती बाहेर नव्हती, चित्रांतून होती.

तेव्हा मला आठवण झाली ती आमच्या जुन्या पुण्याच्या हगादाची. हगादा म्हणजे पेसाहच्या सणाला घरात वाचायचं पुस्तक. मिसर देशातून सुटकेची गोष्ट त्यात असते, आणि ती मुख्यतः मुलांना सांगायची असते. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापलेल्या हगादात चित्रं आहेत आणि त्यांत मात्झा म्हणजे बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. केसांचा अंबाडा, जमिनीवर बसून काम. हिब्रू शब्द जेरुसलेममध्ये किंवा प्रागमध्ये वाचतात तेच, काना-मात्रा न बदललेला. पण चित्र पाहिलं की कळतं, ही सुटका आपल्या आजीची आहे. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या छापखान्यात जे सुचलं ते आज तेल अवीवमधल्या मोठमोठ्या प्रकाशकांना अवघड का वाटावं?

हगादाच्या शेवटी मुलांच्या आवडीचं एक गाणं असतं, 'खाद गाद्या', एकच करडू. भाषा अरामी. करडाला मांजर खातं, मांजराला कुत्रा चावतो, कुत्र्याला काठी मारते, असं करत करत शेवटी मृत्यूचा देवदूत येतो आणि देव त्यालाही मारतो. चित्रकार एल लिसित्स्कीनं १९१९ मध्ये कीव्हमध्ये याची चित्रं प्रसिद्ध केली. त्यात देवाच्या हाताखाली पडलेल्या मृत्यूच्या डोक्यावर मुकुट आहे आणि अनेक जाणकार तो रशियाच्या झारचा मुकुट मानतात. गाण्यात मुकुटाचा शब्दही नाही. एका मुकुटानं शेकडो वर्षांचं मुलांचं गाणं क्रांतीचं गाणं झालं. पटो न पटो, चित्राची ताकद ही आहे. ही ताकद ज्याच्या हातात आहे त्याचं नाव आपण पुस्तकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापतो आणि ग्रंथालयात त्या नावानं पुस्तक शोधायला कुणी जात नाही.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण बालवाडीनं मला तीही शिकवली. फान्या बेर्गस्टाइनचं 'बो एलाय पर्पार नेख्माद', म्हणजे 'ये माझ्याकडे, छान फुलपाखरा', हे बालकवितांचं पुस्तक १९४५ मध्ये आलं. बेर्गस्टाइन ग्वात किबुत्झमध्ये राहायची. किबुत्झ म्हणजे सगळं सामाईक असलेली शेतकरी वसाहत. चित्रं इल्झे काँटोरची. त्यातली 'हा-ओटो शेलानू' सगळ्यांना ठाऊक आहे. आमची गाडी मोठी, हिरवी, लांब जाते, सकाळी निघते, संध्याकाळी परत येते, तनुवाला अंडी आणि दूध पोचवते. तनुवा ही दूध-अंड्यांची सहकारी संस्था. 'ओटो' या शब्दाचा आजच्या मुलाच्या डोक्यातला अर्थ म्हणजे बाबांची मोटार. चित्रात मात्र हिरवा ट्रक आहे, आणि त्या ट्रकामुळेच 'आमची' या शब्दाचा अर्थ टिकून राहिला आहे. एका कुटुंबाची नव्हे, सगळ्या किबुत्झची गाडी. एका मुलानं मला विचारलं होतं, "एवढी मोठी? सगळ्यांची मिळून एकच?" चित्र नसतं तर हा प्रश्न आला नसता. उद्या कुणी तिथे लाल चकचकीत कार काढली तर शब्द एकही बदलणार नाही, तरी एक जगण्याची रीत पुसली जाईल. म्हणून म्हणते, जुनी चित्रं छापत राहा. ती शब्दांची स्मरणशक्ती आहेत.

आणि नवी म्हणून जी बाजारात येतात ती सगळी मला हवी आहेत असंही नाही. डोळे बशीएवढे, गाल गुलाबी, सूर्यालासुद्धा हसरं तोंड. मिर्याम यालान-श्टेकेलिसची 'दानी' ही कविता आहे. आई म्हणते, माझा दानी शूर आणि शहाणा, तो कधी रडत नाही. दानी म्हणतो, मी नाहीच रडत. पण मग आई, हे अश्रू आपले आपण का रडतात? असल्या कवितेशेजारी हसरं गुबगुबीत पोर काढणं म्हणजे त्या मुलाला दुसऱ्यांदा सांगणं की रडू नकोस.

हिब्रू कवी बियालिकची 'नदनेदा' अजून अवघड. दोन मुलं सी-सॉवर बसली आहेत. खाली, वर, वर, खाली. वर काय? खाली काय? फक्त मी, मी आणि तू. दोघं तराजूत सारखे, धरती आणि आभाळ यांच्या मध्ये. मुलांना हे खेळाचं गाणं वाटतं आणि ते आहेच. पण वर काय आणि खाली काय हे शब्द मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथातले आहेत. तिथे ऋषितुल्य गुरूंनी बजावलंय की वर काय, खाली काय याचा शोध घेत बसू नये. बियालिकनं तो निषिद्ध प्रश्न पोरांच्या तोंडी देऊन टाकला आणि उत्तरही दिलं, तू आणि मी. १९३३ मध्ये त्याच्या बालगीतांचा संग्रह नाखूम गुटमानच्या चित्रांसह आला. पण आपण कुणाच्याही चित्राचा विचार न करता नुसती फळी डोळ्यांपुढे आणू. चित्रकाराला ती कुठेतरी थांबवावीच लागणार. एक मूल वर, एक खाली असं काढलं तर खेळ जिवंत होतो आणि कवितेची शेवटची ओळ खोटी पडते. दोघं समान पातळीवर काढले तर तराजू जुळतो पण झोका मरतो. पाठीमागे झाड आणि कुंपण काढलं तर ते अंगण होतं, काहीच काढलं नाही तर ती दोघं खरंच धरती-आभाळाच्या मध्ये तरंगतात. यातलं एकच बरोबर असं नाही. म्हणून तर एका कवितेला एकापेक्षा जास्त चित्रकार हवेत. मुलानं आज एक पाहावं, पुढच्या वर्षी दुसरं, आणि त्याच्या लक्षात यावं की फळी दोन्ही ठिकाणी तीच होती.

हे करणं अशक्य नाही. 'सिफ्रियात पिजामा' या उपक्रमातून २००९ पासून इथल्या बालवाड्यांतल्या मुलांना घरी न्यायला पुस्तकं मोफत मिळतात, आणि अरबी शाळांसाठी २०१४ पासून 'मक्तबत अल-फानूस' आहे. पुस्तक निवडणाऱ्यांनी ठरवलं तर एका जुन्या कवितेची दोन वेगळ्या चित्रांची आवृत्ती एकाच वर्षी हजारो घरांत पोचेल. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर कवीच्याच आकारात छापायला तर एक पैसाही लागत नाही. आणि बालवाडीत कविता आधी पुस्तक मिटून म्हणावी. मी शेवटची काही वर्षं तसंच करत असे. मुलांकडून आधी मनोरा काढून घ्यायचा आणि मग पुस्तक उघडायचं. कुणाचा मनोरा आडवा पसरलेला असायचा, कुणाला लिफ्ट लागायची. एकीनं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला पडदा काढला होता आणि मांजर काढलीच नव्हती. ती आत झोपली आहे म्हणाली.

पाचव्या मजल्याचं मात्र मला अजून कळत नाही. १९४८ हे साल या देशात घरं रिकामी होण्याचं आणि भरण्याचं साल होतं. सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी माणसं घरं सोडून गेली किंवा त्यांना घालवलं गेलं. युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेली माणसं बोटींतून उतरत होती, मागे त्यांचीही घरं रिकामीच पडली होती. कवयित्रीच्या मनात यातलं काय होतं, ते मी सांगणार नाही. तिनं लिहिलंय ते एवढंच की उंदीर सामान बांधून गेला, कुठे आणि का, ते कुणालाच ठाऊक नाही. त्या ओळीवर कविता क्षणभर थांबते आणि लगेच पाटी लागते. मला एका चित्रकारानं त्या क्षणाचं पान काढलेलं पाहायचं आहे. रिकामी खोली, भिंतीवर चित्र काढून नेल्याचा फिकट चौकोन, कोपऱ्यात विसरलेली एखादी वस्तू. बाकी काही नको.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात एका मुलानं सगळी कविता ऐकली. कबुतरीण राहायला आली, सगळे खूश झाले, बाकीची मुलं उठून हात धुवायला गेली. हा बसून राहिला. त्याचं बोट वरच्या खिडकीवर होतं.

"आणि उंदीर परत आला तर?" त्यानं विचारलं.

मी पान उलटून पाहिलं. त्याच्यानंतर एकच पान होतं आणि त्यावर पुस्तकाच्या छपाईची माहिती होती.